पहिला धडा स्टार्टरमध्ये आहे

संगणकाचा इतिहास म्हणजे एनियाक आणि अमेरिका, एवढंच आम्हाला इंजिनीअरिंगला शिकवलं. मग वाशिमच्या पोराला संगणक परका वाटला तर नवल काय?

१९५५ साली पूर्व जर्मनीतल्या येना शहरात, झाइसच्या कारखान्यात 'ओप्रेमा' चालू झाला. सुमारे १७,००० रिले. काम भिंगांची किचकट गणितं सोडवायचं. रिले म्हणजे काय? वीज आली की चुंबक पट्टी ओढतो, संपर्क जुळतो. जुळला तर एक, तुटला तर शून्य. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर 'खट्' वाजतो तोही याच तत्त्वावर!

शेतातलं हे ज्ञान बाहेर ठेवून नुसत्या तारखा घोकून घेणारा अभ्यासक्रम काय कामाचा? आधी लाइन बंद करा, स्टार्टरचं झाकण उघडा. पहिला धडा तिथेच आहे.