निकाल शाळेचा, शिक्षा मुलीला

शाळेचा निकाल खाली आला की आमच्या तालुक्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "काय करणार मॅडम, पोरंच तशी येतात!" अधिकारी म्हणतात, शिक्षक म्हणतात, गावचे पुढारीही म्हणतात. 'तशी' म्हणजे कशी, हे मात्र कोणी उच्चारत नाही. दलितांची, बंजाऱ्यांची, वंजाऱ्यांची, भूमिहीनांची. आणि वर्ग सहावी-सातवीचा असेल तर त्यातही मुली!

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांबरोबर मी काही वर्षे काम करते आहे. समाजकार्याच्या शिक्षणात 'कौटुंबिक पार्श्वभूमी' हा रकाना भरायला आम्हाला शिकवले. तो रकाना माणूस समजून घेण्यासाठी असतो, माणसाला निकालात काढण्यासाठी नव्हे. सरकारी शाळांच्या बाबतीत आज नेमके उलटे चालले आहे. मुले कोणत्या घरची आहेत हे मोजायचे, गुण कमी का हेही तिथेच शोधायचे आणि हात झटकून मोकळे व्हायचे.

मुळात वर्गात मुली का उरतात ते पाहू. घरात एकाचीच फी भरण्याइतके पैसे असले की मुलगा इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतो आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, कारण ती फुकट आहे. म्हणजे मुलींनी भरलेला वर्ग हा मुलींच्या प्रगतीचाच पुरावा असतो असे नाही. घरात कोणावर किती खर्च करायचा, याचाही तो हिशेब असतो.

आता गुणांकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. शाळेचे अर्धे वर्ष असे फडात जाते. बारा-तेरा वर्षांची मुलगी आईबापाबरोबर गेली तर कोपीवर धाकटी भावंडे सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. गावात मागे राहिली तर आजी-आजोबांचे आणि भावाचे हेच सगळे करते. कुठेही ठेवा, चूल तिचीच! आणि एप्रिलमध्ये तिच्यापुढे प्रश्नपत्रिका ठेवून आपण तिची 'गुणवत्ता' तपासतो. ते गुण तिच्या बुद्धीचे नाहीत, तिच्या अंगावर टाकलेल्या कामाचे आहेत.

यात शासनाने 2023 पासून आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. आधी परीक्षा, मग फेरपरीक्षा, तीतही नापास झाली तर त्याच वर्गात. मुलगा नापास झाला तर घरचे म्हणतील, पुढच्या वर्षी बस. मुलगी नापास झाली तर म्हणतील, पुरे झाली शाळा. त्यानंतर काय होते ते आकडे सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 20 ते 24 वयोगटातल्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के होते, तर बीडमध्ये सुमारे 44 टक्के. कोयता म्हणजे जोडी, आणि जोडीला उचल जास्त. अशा ठिकाणी सहावी ते आठवीचा वर्ग हा नुसता वर्ग नसतो. मुलगी आणि बोहला यांच्या मधली ती भिंत असते.

ती भिंतही आता खचते आहे. शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक हवा. गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना स्वतंत्र शिक्षक हवेत. पण 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयात पट 20 च्या खाली गेला की या वर्गांच्या शिक्षकाचे पदच धोक्यात आले. मुलगे खासगी शाळेत गेले म्हणून पट घसरला, पट घसरला म्हणून शिक्षक गेला, शिक्षक गेला म्हणून निकाल घसरला. आणि निकाल घसरला म्हणून शाळाच दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळा म्हणतात! तीन-चार किलोमीटरची वाट वयात आलेल्या मुलीला कोण चालू देणार?

शिक्षकांना मी पाठीशी घालत नाही. पाटी कोरी ठेवून पगार घेणारे आहेतच, त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण शिक्षक वाईट म्हणून शाळा बंद करणे म्हणजे डोके दुखते म्हणून मान कापणे. आणि मैत्रिणींनो, हेही बोलू या : चळवळीतल्या आपल्यापैकी किती जणींची मुले सरकारी शाळेत आहेत? ज्या शाळेत आपले कोणी नाही, तिच्यासाठी आपला आवाज चढत नाही.

दर 3 जानेवारीला शाळाशाळांत सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार पडतो. त्या दिवशी आमच्या मुली कुठे असतात? उसाच्या फडात! हार घालणाऱ्यांना आपण हे विचारले पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात, असे कायदाच म्हणतो. बहुतेक ठिकाणी त्या सहीपुरत्या असतात. आपल्या गटांनी त्या बायांबरोबर बसावे, निकालाशेजारी हजेरीपट ठेवून वाचावा आणि मागावे : स्थलांतराच्या गावांना पटाची अट लावू नका. हंगामी वसतिगृह टोळ्या निघण्याआधी सुरू करा, मुलींसाठी बाई कर्मचारी नेमा. परतलेल्या मुलींना परीक्षेआधी शिकवा, मगच तपासा.

आणि एक मागणी सरकारकडे नाही, आपल्याच घरांकडे आहे. भाऊही सातवीत असेल तर भाकरी त्यानेही थापावी. तेवढा वेळ वाचला तर बहिणीचे गणित सुटेल.