राख उचलल्यानंतर

बाजारातले एखादे दुकान जळाले की पहिल्या दिवशी आपण गोवेकर कमी पडत नाही. पाणी मारायला, पोती ओढायला माणसे धावतात, मदतही गोळा होते. माझी तक्रार आहे ती आपल्या त्यानंतरच्या वागण्याबद्दल.

आमच्या गावातल्या एका पसरकाराचे दुकान चतुर्थीच्या तोंडावर जळाले. वडील, दोन मुलगे आणि सून यांच्या राबण्यावर चाललेला धंदा. सणासाठी भरलेले तांदूळ, गूळ, तेल, सगळे गेले. शिवाय उधारीची वहीही जळाली. काही जण आपणहून येऊन, "भाऊ, माझे इतके देणे होते," म्हणून पैसे ठेवून गेले. काहींनी मात्र तो रस्ताच सोडला! वही जळाली म्हणून देणे जळत नाही, हे कोणी सांगावे लागते का?

विमा होता, पण अपुरा. हे गणित प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावे. माल १० लाखांचा आणि विमा ५ लाखांचा असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीला साधारण २ लाखच मिळतात. विमा निम्मा, म्हणून भरपाईही निम्मी. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या लहान धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. तीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते, त्याहून मोठी नाही. म्हणून विम्याचा आकडा एरवीच्या अर्ध्या फळ्या पाहून नव्हे, तर पुरुमेंताच्या आणि चतुर्थीच्या भरलेल्या दुकानावरून ठरवावा. माल बँकेकडे तारण असेल, तर भरपाईतून आधी बँकेचे कर्ज फिटते, हेही ध्यानात ठेवावे.

घाऊक व्यापाऱ्याने नुसत्या शब्दावर माल दिला आणि दुकान पुन्हा उघडले, पूर्वीच्या निम्म्या जागेत. पण बंद असलेल्या महिन्यांत गिऱ्हाइकांना मोठ्या मॉलची सवय लागली होती. मदतीच्या यादीत ज्यांची नावे होती, त्यांतलेही बरेच जण परतले नाहीत.

म्हणून मला वाटते, अशा घराला दयेपेक्षा गिऱ्हाईक हवे असते. मदत एकदाच दिली जाते, वाणसामान तर दर महिन्याला लागते. त्यातले निम्मे जरी तिथून घेतले आणि रोख घेतले, तरी त्या चार माणसांचे कष्ट वाया जाणार नाहीत.