फाटकापाशी थांबलेलं इंजिन
साखऱ्याहून सेनगावमार्गे हिंगोलीला जाताना सिग्नल कुठला? पण हळदीच्या हंगामात मार्केट यार्डापाशी ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि मग वॅगनआर-बलेनोसारख्या नव्या लहान गाड्या न्यूट्रल करून क्लच सोडला की गपकन बंद पडतात. परवा एक मामा घाबरून चावी फिरवत होते. मामा, बिघाड नाही, क्लच दाबा, सुरू होईल! उभ्या गाडीनं डिझेल-पेट्रोल जाळणं मला कधीच पटलेलं नाही. फाटकावर इंजिन बंद करा, हे आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांना सांगावं लागत नसे. म्हणून गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी ही सोय मला मनापासून आवडते. मात्र वैशाखात, मागच्या सीटवर म्हातारी आई आणि तान्हं लेकरू असताना, इंजिनाबरोबर एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो आणि पंखा गरम वारा फेकू लागतो. तेव्हा डॅशबोर्डवरचं बटण दाबून ही सोय खुशाल बंद करावी. पण बहुतेक गाड्यांत चावी पुन्हा फिरवली की ती आपली परत चालू! हे चूक आहे. चालकानं एकदा ठरवलं की गाडीनं ते लक्षात ठेवलंच पाहिजे. आणि बॅटरी बदलताना स्वस्तातली साधी बसवू नका. वारंवार स्टार्टर फिरवायला दणकटच लागते.