न तपासायची वही

सहामाहीचे पेपर तपासून झाले, की दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना काहीतरी द्यावं असं बऱ्याच शिक्षकांना वाटतं. इथं कोल्हापुरात महाद्वार रोडवर एक फेरी मारली की पेनं, खोडरबरं, चकचकीत कंपासपेट्या घाऊक मिळतात आणि काम भागतं. मला ते पटत नाही. ती वस्तू कुणीही, कुणालाही दिलेली असू शकते.

म्हणून मी वह्या शिवते. कागद विकत आणत नाही. एप्रिलमध्ये वर्ष संपताना मुलांच्या वह्यांची मागची पानं कोरीच उरलेली असतात, ती काढून ठेवायची. मुखपृष्ठाला जुन्या लग्नपत्रिका. हल्ली त्यांचा कागद पुठ्ठ्याला लाजवेल असा असतो. पानं मधोमध दुमडून घडीवर दाभणानं तीन भोकं पाडायची. दोरा मधल्या भोकातून बाहेर काढायचा, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत आणि गाठ. मुखपृष्ठ चिकटवायच्या खळीत बांधणीवाले मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पण ते विषारी. मुलांच्या वहीला नुसती मैद्याची खळ. झुरळं खातील ते खातील.

खरा वेळ जातो पहिल्या पानावर. तिथं प्रत्येकासाठी वेगळा प्रश्न लिहायचा. ज्याच्या घरचे गंगावेशीत गिऱ्हाईकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात, त्याला : ‘पाडव्याला तुमच्या म्हशीला कोण सजवतं?’ जिच्या मामाचं गुऱ्हाळ आहे, तिला : ‘काकवी कधी म्हणायची आणि गूळ कधी, हे मामाला कशावरनं कळतं?’ एखाद्या नावापाशी पेन अडतं. या मुलाशी सत्रभर कुणी धड बोललंच नाही, हे तिथं कळतं. मग शाळा सुटायच्या आत त्याला गाठायचं.

शिक्षकानं मुलांसाठी असं हातानं लिहिणं काही नवं नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. एरवी मुलाला शिक्षकाचं अक्षर दिसतं ते लाल शाईत, शेऱ्यापुरतं. गुरुजींनी ते वाचायला दिलं.

वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिते : ‘ही वही बाई तपासणार नाहीत.’ पालकांना हे रुचत नाही. “बाई, तपासणार न्हाई म्हटल्यावर पोरगं लिव्हतंय व्हय?” नाही लिहिलं तर नाही. चित्रं काढेल, किल्ल्यावरच्या मावळ्यांची हजेरी मांडेल, फटाक्यांचा हिशेब ठेवेल. सुट्टी त्याची आहे. लीला पाटील यांनी 1985 मध्ये याच शहरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. आनंदानं शिकण्यावर तेव्हापासून इथं भाषणं पुष्कळ झाली. दिसेल त्या कागदावर बरोबरची खूण करायची आमची खोड मात्र जात नाही.

तुळशीचं लग्न झालं की घरोघरी पत्रिकांचा ढीग पडेल. तो रद्दीत घालू नका. नावं छापलेली बाजू आतून चिकटवून झाकता येते. जवळच्या कुठल्याही शाळेत नेऊन द्या, आणि जमलं तर सोबत जाड दोऱ्याचं एक रीळही द्या.