जाड टायर म्हणजे मागासलेपण नव्हे

१/ गेल्या महिन्यात आजोबांच्या सायकलीसाठी ‘२८ चा’ टायर मागवला. आला तो ७०० × २८सी, रिंगेवर चढेना. ज्या सायकलीवरून त्यांनी कोल्हापुरात वर्षानुवर्षे दूध घातले, तिचे माप २८ × १½. एका टायरवरचे २८ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, दुसऱ्यावरचे इंचातला चाकाचा बाहेरचा व्यास.

२/ खरे माप टायरच्या बाजूवर बारीक आकड्यांत असते. आजोबांचा ४०-६३५ : रुंदी ४० मिमी, रिंगेवरच्या बैठकीचा व्यास ६३५ मिमी. आलेला २८-६२२. व्यासातला फरक अवघा १३ मिमी, पण सायकल त्यानेच अडली.

३/ मग ‘७००’ कुठून आले? जुन्या फ्रेंच पद्धतीत तो टायरसह चाकाचा व्यास. ६२२ च्या रिंगेवर ३९ मिमीचा टायर चढवला की ७०० भरतात. आज २५ चा चढवला तर ६७२ च्या आसपास. टायर बारीक झाला, नाव जुनेच राहिले.

४/ छापील रुंदीही स्थिर नसते. अरुंद रिंगेवर टायर विजेच्या बल्बसारखा फुगतो. रुंद रिंगेवर त्याच्या बाजू सरळ उभ्या राहतात आणि तोच टायर एखाद-दोन मिमी जास्त भरतो.

५/ तरीही आपण रुंदीवरून प्रतिष्ठा ठरवतो. बारीक टायर आधुनिक, जाड टायर ‘दूधवाल्याचा’. कॉलेजात असताना मलाही हेच वाटे. इतिहास मात्र निराळे सांगतो.

६/ १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. तेव्हा चलनात होते भरीव रबराचे अरुंद टायर. १८८९ मध्ये विली ह्यूम याने त्या नव्या, जाड टायरांवर शर्यती जिंकल्या.

७/ पुढे शर्यतींचे टायर २३ मिमीपर्यंत आणि त्याहूनही खाली आले. परंतु कडक हवेचा बारीक टायर खडबडीत रस्त्यावर उसळतो. शक्ती वेगात न जाता हादऱ्यांत जाते. रुंद टायर कमी हवेवर ते हादरे पचवतो. म्हणूनच टूर द फ्रान्समध्येही आता २८ आणि त्याहून रुंद टायर दिसतात.

८/ रॉड ब्रेकची ती जड सायकल वेगवान नव्हती, हे मान्य. पण दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, खाली खडीचा रस्ता. तिथे ४० मिमी हेच शहाणपणाचे उत्तर होते. ‘जुने की नवे’ हा प्रश्नच चुकीचा. ‘कोणता रस्ता, किती ओझे’ हा खरा.

९/ टायर अखेर गावातल्याच एका दुकानात मिळाला. मी ४०-६३५ म्हणायच्या आत दुकानदार म्हणाले, “दुधाची सायकल हाय न्हवं?”