विश्लेषण : कायदा म्हणतो २६ आठवडे, बँक म्हणते ९० दिवस... उद्योजिकेला बाळंतपणाची रजा कोण देणार?

नोकरदार स्त्रीला बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची, म्हणजे १८२ दिवसांची भरपगारी रजा मिळते. कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की बँक खाते 'एनपीए'त टाकते. स्वतःचा कारखाना, बुटीक, क्लिनिक किंवा सॉफ्टवेअर कंपनी चालवणारी स्त्री या दोन आकड्यांच्या मध्ये उभी असते. पहिला आकडा तिच्यासाठी नाही, दुसरा मात्र नक्की आहे.

उद्योजिका घर आणि धंदा कसा सांभाळते, यावर महिला दिनाच्या आठवड्यात आणि नवरात्रात पानेच्या पाने भरतात. 'तारेवरची कसरत' हा शब्दप्रयोग त्यात हमखास असतो. पण ती तार बांधली कोणी आणि खाली जाळी का नाही, हे सहसा कोणी विचारत नाही.

रजेचा कायदा नेमका कोणासाठी?

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम आहेत.

हा सगळा हिशेब 'मालक' आणि 'कर्मचारी' या दोन पक्षांवर बेतलेला आहे. कर्मचारी बाईला रजा मिळते आणि त्या काळातला पगार मालक देतो. 'ईएसआय'खाली येणाऱ्या, म्हणजे साधारण २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्यांची रक्कम विमा महामंडळ देते. त्याहून अधिक पगार असेल तर सगळा भार मालकाच्या खिशावर.

आता मालकच बाई असेल तर? दहा कामगार असलेल्या तिच्या युनिटमधली सुपरवायझर बाळंतपणाला गेली, तर तिचा २६ आठवड्यांचा पगार ती देते, आणि तो द्यायलाच हवा. पण तिची स्वतःची वेळ आली की तिला देणारे कोणी नसते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून स्वतःला पगार लावून घेतला, तरी रजेचा पगार तिचीच कंपनी देणार. खिसा तोच.

पाळणाघराचेही तसेच. सहाव्या आर्थिक गणनेनुसार (२०१३-१४) देशातल्या एकूण आस्थापनांपैकी १३.७६ टक्के महिलांच्या होत्या आणि त्यात सरासरी १.६७ माणसे काम करत होती. म्हणजे मालकीण आणि फार तर एक मदतनीस. ५० कर्मचाऱ्यांची अट तिच्या गावी कुठून येणार?

किती जणींचा प्रश्न आहे?

थोड्याथोडक्या जणींचा नाही. कामगार सर्वेक्षणांची आकडेवारी पाहिली तर देशातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी दोन तृतीयांश 'स्वयंरोजगारा'त मोडतात. त्यात शेतीत आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बाया मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे सगळ्यांना उद्योजिका म्हणता येणार नाही. पण नियमित पगाराच्या नोकरीत, म्हणजे जिथे २६ आठवड्यांची रजा निदान कल्पनेत तरी शक्य आहे तिथे, साधारण सहापैकी एकच स्त्री आहे. आपला मातृत्वाचा कायदा या एकीसाठी लिहिलेला आहे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार 'उद्यम' पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांपैकी २०.५ टक्के महिलांच्या मालकीचे आहेत. रोजगारात त्यांचा वाटा १८.७३ टक्के, पण उलाढालीत १०.२२ टक्केच. बायकोच्या नावावर उद्यम नोंदणी आणि गल्ल्यावर नवरा, हा प्रकार आपल्याकडे कोणालाच नवा नाही, तेव्हा २०.५ हा आकडा थोडा जपूनच वाचावा. तरीही उरते ते बरेच सांगते. धंदे आहेत, माणसांना काम देतात, पण मोठे होत नाहीत.

का होत नाहीत? भांडवल, तारण, बाजारपेठ ही कारणे आहेतच. घराची मालकी नावावर नसेल तर तारण द्यायचे काय, हा प्रश्न प्रत्येक बँक मॅनेजर ऐकतो. पण एक कारण घड्याळात आहे.

घड्याळ काय सांगते?

सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या 'टाइम यूज सर्व्हे'नुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात, तर घरकामात हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. मुलांची, आजाऱ्यांची, वृद्धांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयोगटातल्या स्त्रियांचा वेळ १४० मिनिटे आणि पुरुषांचा ७४ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात स्त्रियांच्या घरकामाची मिनिटे २९९ होती. पाच वर्षांत दहा मिनिटे कमी झाली. याच वेगाने गेलो तर हिशेब वाचकांनीच करावा.

हे आकडे सगळ्या स्त्रियांचे आहेत, फक्त उद्योजिकांचे नाहीत. पण धंदा करणाऱ्यासाठी या पाच तासांचा अर्थ वेगळा होतो. नोकरीत वेळ ठरलेली असते. धंद्यात वाढ होते ती ठरलेल्या वेळेबाहेर : संध्याकाळची डीलर मीटिंग, पुरवठादाराच्या गावचा दोन दिवसांचा फेरा, प्रदर्शनातला स्टॉल, रात्री उशिरा खरेदीदारासोबतचे जेवण. पाच तास घरात बांधलेली बाई नेमकी या गोष्टी सोडते. रोजचे उत्पादन चालू राहते, गिऱ्हाईक टिकते, धंदा बंद पडत नाही. फक्त तो तेवढाच राहतो.

फाल्गुनी नायर यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. कोटक महिंद्र कॅपिटलमधले मोठे पद सोडून त्यांनी २०१२ मध्ये 'नायका' सुरू केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. यश निर्विवाद आहे. पण सुरुवात केली तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या आणि जुळी मुले मोठी झाली होती, ही बाब प्रेरणादायी भाषणांत पहिल्या वाक्यात येते आणि दुसऱ्या वाक्यात विसरली जाते. ज्यांच्याकडे वीस वर्षे थांबण्याइतकी बचत, ओळखी आणि पद नाही, त्यांनी काय करायचे?

नियमांना बाळंतपण दिसते का?

इथे तपशिलात जायला हवे, कारण खरा त्रास तपशिलात आहे.

प्रोप्रायटरी फर्म म्हणजे कायद्याच्या नजरेत ती स्त्रीच. ती दवाखान्यात असली म्हणून जीएसटीचे मासिक विवरणपत्र थांबत नाही. 'जीएसटीआर-३बी' उशिरा भरले तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर व्याज. बाळंतपण हे माफीचे कारण म्हणून कुठेही नमूद नाही.

कर्जाचे पाहा. हप्ता चुकल्याच्या दिवसापासून खाते 'विशेष उल्लेखा'च्या यादीत जाते आणि ९० दिवसांनंतर एनपीए होते. म्हणजे शरीर सावरायला आणि बाळाला २६ आठवडे लागतात असे एक कायदा मान्य करतो, आणि त्याच्या निम्म्याच काळात दुसरा नियम तिला थकबाकीदार ठरवतो. एकदा शेरा बसला की पुढच्या कर्जाच्या वेळी सिबिलच्या अहवालात 'बाळंतपण होते' असा रकाना नसतो.

कंपनीची संचालक असेल तर कंपनी कायद्याचे कलम १६७ आहे. सलग १२ महिने संचालक मंडळाच्या एकाही बैठकीला हजर न राहिल्यास पद आपोआप रिकामे होते, मग रजा मागितलेली असो वा नसो. व्हिडीओद्वारे हजेरी चालते, त्यामुळे प्रत्यक्षात यावरून पद जाण्याची वेळ क्वचितच येईल. पण मान्य रजेलाही किंमत नाही, ही त्या कलमाची भाषा बोलकी आहे.

आणि मूल सांभाळायला बाई ठेवली तर तो पगार धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो का? नाही. आयकर कायदा वैयक्तिक खर्च वजा करू देत नाही. कॅनडात एलिझाबेथ साइम्स या वकील बाईंनी हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. मुलांना सांभाळणारी बाई नसेल तर मी वकिली करूच शकत नाही, मग तिचा पगार व्यवसायाचा खर्च का नाही, हा त्यांचा सवाल. १९९३ मध्ये त्या ७ विरुद्ध २ अशा निकालाने हरल्या. विरोधात गेलेले सातही न्यायमूर्ती पुरुष होते आणि त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्या दोघी स्त्रिया. गिऱ्हाइकाला घातलेले जेवण व्यवसायाचा खर्च ठरते, पाळणाघर मात्र खासगी बाब, ही रेघ कोणाच्या सवयीवरून आखली गेली हे त्या निकालातून कळते.

मग घर आणि धंदा जुळलाच नाही का कुठे?

जुळला, आणि आपल्या मुंबईतच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा 'लिज्जत' झाला. जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लिज्जतचे खरे डोके पापडाच्या चवीइतकेच कामाच्या मांडणीत आहे. पीठ केंद्रावर मळायचे, भगिनींनी सकाळी ते घेऊन घरी जायचे, आपल्या सवडीने लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड जमा करून लाटण्याची मजुरी घ्यायची. ने-आण करायला बस. ज्या बायकांना दिवसभर घराबाहेर राहता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत काम गेले. सभासद भगिनींची संख्या ४५ हजारांच्या घरात गेली.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू केली. बाजार सोडून बँकेत येणे भाजीवालीला परवडत नाही, म्हणून बँक तिच्या दारात गेली. दोन्ही ठिकाणी स्त्रीला 'वेळेचे नियोजन' शिकवण्याऐवजी संस्थेने आपले वेळापत्रक बदलले.

मर्यादाही सांगायला हवी. घरी नेलेल्या कामाने घरातले काम कमी होत नाही. पापड लाटून झाल्यावर स्वयंपाक तिलाच करायचा असतो.

इतर देश काय करतात?

युरोपीय संघाने २०१० च्या एका निर्देशाद्वारे स्वयंरोजगारातल्या स्त्रियांना किमान १४ आठवडे मातृत्व भत्ता मिळण्याची सोय करायला सदस्य देशांना सांगितले. ब्रिटनमध्ये स्वयंरोजगारातल्या स्त्रीला सरकारकडून ३९ आठवड्यांपर्यंत मातृत्व भत्ता मिळू शकतो; भत्त्याची रक्कम राष्ट्रीय विम्याच्या हप्त्यांवर अवलंबून असते. कॅनडाने २०११ पासून स्वयंरोजगारातल्या लोकांना स्वेच्छेने वर्गणी भरून बाळंतपणाचे लाभ घेण्याची मुभा दिली. तिन्हींत एक गोष्ट समान आहे : भार एकट्या मालकावर टाकलेला नाही, विम्यासारखा सगळ्यांत वाटलेला आहे.

आपल्याकडे काय आहे आणि काय शक्य आहे?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलांना पहिल्या अपत्यासाठी ५ हजार आणि दुसरी मुलगी झाल्यास ६ हजार रुपये मिळतात. पोषणासाठी ते ठीक, पण दुकानाचे एका महिन्याचे भाडेही त्यातून निघत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित कामगारांसाठी 'आरोग्य व मातृत्व लाभ' देणाऱ्या योजना आखण्याचा उल्लेख आहे आणि त्यात स्वयंरोजगार करणारेही येतात. मात्र ई-श्रम पोर्टलवर आयकर भरणाऱ्यांना नोंदणी नाही. म्हणजे धंदा थोडा बरा चालून कर भरू लागलेली स्त्री तिथूनही बाहेर. ना कर्मचारी, ना असंघटित.

महाराष्ट्राने डिसेंबर २०१७ मध्ये महिला उद्योजकांसाठी स्वतंत्र धोरण आणले, तर २०२४ पासूनच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत १ ते २५ लाखांचे अर्थसाह्य आहे. दोन्हींचा भर भांडवलावर, अनुदानावर. पैसे देणे सरकारला सोपे जाते. वेळ देण्याची योजना अजून कोणी मांडलेली नाही.

ती अशक्य आहे का? कोविडकाळात रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात हप्ते स्थगित ठेवायला परवानगी दिली होती. ते १८४ दिवस होते, मातृत्व रजेपेक्षा दोन जास्त. व्याज चालू राहिले, पण त्या मुदतीतले दिवस एनपीएच्या मोजणीत धरले गेले नाहीत. बँकांची संगणक प्रणाली हे करू शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले. महिला कर्जदाराच्या बाळंतपणात असाच सहा महिन्यांचा थांबा द्यायला नवा कायदाही लागू नये, रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक पुरेल. जीएसटीचे विलंब शुल्कही सरकारने अनेकदा अधिसूचना काढून माफ केलेले आहे.

तोवर जी स्त्री पुढच्या काही महिन्यांत आई होणार आहे, तिने काही गोष्टी आधीच उरकून ठेवलेल्या बऱ्या. जीएसटी पोर्टलवर दुसरा अधिकृत स्वाक्षरीकर्ता जोडता येतो. पाच कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तिमाही विवरणपत्राचा पर्याय घेता येतो. कर मात्र दरमहा भरावा लागतो. चालू खात्यासाठी विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र देता येते. आणि हप्त्यांची फेररचना मागायची असेल, तर पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेला लेखी अर्ज द्यावा. खाते थकल्यावर बोलणी अवघड होतात.