दोनच घ्या, पण ऐकून घ्या

“किती वॅटचे आहेत?”

स्पीकर घ्यायला गेलेल्या प्रत्येकाच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघतो. आमच्याही निघाला. तापकीर गल्लीपासून सुरुवात करून महिनाभर आम्ही तिघं फ्लॅटमेट पुण्यातली दुकानं पालथी घालत होतो. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून प्रत्येकी १५ हजार, म्हणजे एकूण ४५. एवढ्यात गाणी नीट ऐकता यायला हवीत आणि रात्री पिक्चरही दणक्यात बघता यायला हवा. डोळ्यांसमोर होते ते कमरेएवढे उंच, जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर. दिसतातच भारी, खोटं कशाला बोला.

पण प्रत्येक दुकानात आम्हाला दुसरीकडेच वळवायचे. “अरे, एवढ्या पैशात पाच स्पीकर आणि सबवूफर देतो. दोन घेऊन काय करणार?” ऐकायला हिशोब बरोबर वाटतो. माझं मत मात्र आता पक्कं झालंय: कॉलेजात असताना, हातात मोजके पैसे असताना, दोनच स्पीकर घ्यावेत. तेच पैसे सहा डब्यांमध्ये आणि त्यांच्या अँपमध्ये वाटले, की प्रत्येक डब्याच्या वाट्याला काय येतं? पिक्चरमध्ये हेलिकॉप्टर डोक्यामागून जातं, ही मजा पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गाणं लावलं की लक्षात येतं, गायकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येतोय.

आणि दोन स्पीकर म्हणजे फक्त गाण्यांसाठी, असंही नाही. स्टीरिओचा जन्मच मुळी सिनेमामुळे झाला. ईएमआयमधला इंजिनिअर ॲलन ब्लमलाइन १९३१ मध्ये होणाऱ्या पत्नीबरोबर सिनेमा बघत होता म्हणे. पात्र पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडूनच, हे त्याला खटकलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत माणूस उभा राहून बोलतोय असा भास होतो ना, ती त्याची करामत. एक अडचण आहे, ती लपवत नाही. हा भास मध्यभागी बसलेल्यालाच नीट होतो. कडेला बसलेल्याला संवाद जवळच्या स्पीकरमधूनच ऐकू येतात. आमच्याकडे मधल्या जागेसाठी चिठ्ठ्या टाकतात. आणि हो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज ‘स्टीरिओ’ किंवा ‘पीसीएम’वर ठेवा, नाहीतर कधीकधी संवाद पुटपुटल्यासारखे येतात आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला लागतो.

आता वॅटबद्दल. खोक्यावर ‘पीएमपीओ’ लिहून पुढे हजारांत आकडा असेल, तर तो आकडा विसरून जा. त्याला काही ठरलेलं माप नाही. आरएमएस वॅट त्यातल्या त्यात खरे. पण त्याहून कामाचा आकडा असतो सेन्सिटिव्हिटीचा, आणि तो कुणी विचारतच नाही. स्पीकरला एक वॅट दिला, तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. एक स्पीकर ८७ चा आणि दुसरा ९० चा असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दुप्पट ताकद लागते. म्हणजे ९० वाला घेतला तर लहान, स्वस्त अँपवर भागतं. घरातल्या खोलीत रोजच्या ऐकण्याला लागतात तरी किती वॅट? बहुतेक वेळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अडचण येते ती छोटा अँप शेवटपर्यंत पिळला की. आवाज फाटतो, आणि ट्वीटर जळायचीही भीती असते.

हे सगळं वाचून हुशार झालो आणि तरी आपटलोच. एका मित्राच्या काकांकडे जुने, मोठे टॉवर होते. प्रत्येकात दोन-दोन वूफर. “दोन दिवस नेऊन बघा, आवडले तर घ्या,” काका म्हणाले. टेम्पोने आणले, हॉलमध्ये भिंतीला टेकवून उभे केले, ‘सैराट’ लावलं. या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसमध्ये जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. आमच्या हॉलमध्ये ऐकू येत होतं फक्त ‘घुम्म’. गाणं बदललं तरी तेच. प्रत्येक गाण्यात एकच सूर भुतासारखा मागे लागलेला.

स्पीकर बिघडलेत असं म्हणून काकांना फोन लावणारच होतो. दोष निघाला खोलीचा. आमचा हॉल १० बाय १२. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. या हिशोबाने ४७ हर्ट्झच्या सुराची लाट सुमारे २४ फूट लांब असते, आणि १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये तिचा अर्धा भाग बरोब्बर बसतो. मग तो सूर भिंतीभिंतींत अडकून फुगतो. बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, म्हणजे हे सगळं नेमकं बासच्या वस्तीत घडतं. त्यात फुगवटा सर्वांत जास्त असतो भिंतीजवळ. स्पीकर भिंतीला टेकलेले, आमची गादीही समोरच्या भिंतीला टेकलेली. म्हणजे घुमण्याची सोय आम्हीच दोन्ही बाजूंनी केलेली!

स्पीकर दोन फूट पुढे ओढले, गादी पुढे घेतली, नुसत्या टाइल्सवर एक जुनी सतरंजी टाकली. मागच्या पोर्टच्या भोकात मोजे कोंबले (धुतलेले, यावर घरात वाद झाला). फरक इतका पडला, की एक जण म्हणाला, “स्पीकर बदलले का रे?” व्हायोलिन वेगळे, ढोलकी वेगळी. फक्त एकच झालं, स्वयंपाकघरात जायला आडवं होऊन सरकावं लागायला लागलं.

म्हणून काकांचे टॉवर परत गेले. माझं म्हणणं असं: हॉल १२ बाय १८ च्या आसपास असेल आणि मागे जागा सोडता येत असेल, तर मोठे टॉवर खुशाल घ्या. आमच्यासारखी खोली असेल तर मोठ्या डब्याच्या नादी लागू नका. मग सरळ बुकशेल्फ का नाही? कारण ते नावालाच बुकशेल्फ. पुस्तकांच्या फळीत कोंबले की आवाज दबतो, आणि कानाच्या उंचीवर ठेवायचे तर स्टँड लागतो. स्टँडचे पैसे धरा, त्याने अडवलेली जागा धरा. तेवढ्यात एकच वूफर असलेला बारका टॉवर उभा राहतो, आणि त्याच्या पोटात जास्त हवा असल्याने बासही खालपर्यंत जातो. स्वस्त टॉवरमध्ये एकच धोका, पातळ लाकूड. माठ घेताना वाजवून बघतो ना, तसं बोटाच्या पेराने बाजूवर टकटक करा. फक्त इथे उलटं: खणखणीत किंवा पोकळ वाजला तर नको, बद्द वाजला तर घ्या.

आणि ऐका, प्लीज. दुकानदाराचा डेमो नको, आपली गाणी न्या. मी किशोरीताईंचा भूप नेला होता. दुकानातला मुलगा जरा दचकला, पण माणसाच्या गळ्याइतकी चांगली परीक्षा नाही. आपण जन्मापासून माणसांचे आवाज ऐकतोय, खोटेपणा लगेच कळतो. मागे तानपुरा वेगळा ऐकू येतो का, तेही बघा. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगा. जरा मोठ्याने वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि हे आपल्याआधी दुकानदाराला माहीत असतं. जो विकायचा, त्याचा आवाज हळूच वाढतो.

शेवटी आम्ही सेकंडहँड बारके टॉवर घेतले आणि एक नवा, साधा दोन चॅनेलचा अँप. त्याआधी आमच्या फ्लॅटमध्ये तीन माणसं आणि तीन इयरफोन होते. एकाच खोलीत बसून कोण काय ऐकतंय, याचा दुसऱ्याला पत्ता नसायचा. आता रोज भांडण होतं, आज कुणाचं लावायचं यावरून. नागपूरच्या गड्याला मेटल हवं असतं, मला भूप, तिसऱ्याला क्रिकेटची मॅच. दोन महिन्यांत मला मेटलच्या तीन बँडची नावं पाठ झालीत, आणि तो परवा भांडी घासताना चक्क भूप गुणगुणत होता. विचारलं तर कबूल करत नाही.

आता मे महिन्यात कोर्स संपतोय आणि नवीन प्रश्न उभा राहिलाय. स्पीकर तिघांच्या पैशातले. वाटणी कशी करायची? तिसऱ्याने तोडगा काढलाय: दोघांनी एकेक टॉवर घ्यायचा, अँप तो नेणार.